बोंडाला उलटा वळसा

आमच्या गावाच्या चौकात सिमेंटचं एक कापसाचं बोंड आहे. माणसाच्या दुप्पट उंचीचं, पाकळ्या उकललेलं, वर कापसाचे चार फुगीर गोळे. बसवलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक दिवसभर त्याला वळसा घालून चंद्रपूरच्या रस्त्याला लागतात, त्यामुळं महिनाभरात ते काळं पडलं. रंगवलं, परत काळं पडलं. आता कोणी रंगवत नाही. त्या बोंडाभोवती गाडी फिरवायचा नियम पहिलीतल्या पोरालाही कळावा इतका साधा आहे. डावीकडून शिरायचं, बोंड उजव्या हाताला ठेवायचं, आपला रस्ता आला की डावीकडं निघायचं. ह्यात न समजण्यासारखं काय आहे ते मला आजवर समजलेलं नाही.

ज्याला उजवीकडं जायचं असतं तो आमच्याकडं वळसा घालतच नाही. तो सरळ उजवीकडं घुसतो, समोरून येणाऱ्याच्या छातीवर. थांबवून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "इकडून जवळ पडते ना भाऊ." किती जवळ पडतं? मी स्वतः पावलांनी मोजलंय. साठ पावलं वाचतात. साठ पावलांसाठी दूधवाला उलटा येतो, दोन पोरं पुढं आणि एक मागं बसवून गुरुजी उलटे येतात. एक गृहस्थ रोज सकाळी हेल्मेट घालून, पट्टा गच्च आवळून उलटे येतात. त्यांची शिस्त बघून मला रडावं की हसावं कळत नाही.

आणि हीच माणसं देवळात गेली की कोणाला काही शिकवावं लागत नाही. देव उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा होते. आम्ही विहारात जाणारे. आमच्याकडंही स्तूप उजव्या हाताला ठेवूनच फिरतात. पारावरच्या मारुतीलाही तीच रीत. सगळ्या गावाच्या पायांना ही गोष्ट ठाऊक आहे. ढुंगणाखाली इंजिन आलं की तेवढी विसरतात.

मी हे बोलतो म्हणजे कोण? मी एकतीस वर्षं उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवला. एका मजली घराएवढी गाडी, तिच्या चाकाशेजारी उभं राहिलं तर माझं डोकं चाकाच्या वरच्या कडेच्याही खाली राहायचं. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. निवृत्तीच्या वेळी त्याबद्दल पितळेची ढाल मिळाली. ती बैठकीत टीव्हीच्या वर लावली आहे आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला, त्यानं विचारलं नाही तरी, मी ती दाखवतो. निवृत्त झाल्यावर मी एक शिट्टी विकत घेतली आणि सकाळी बोंडाजवळच्या पानठेल्यावर उभा राहून उलट्या येणाऱ्यांना शिट्टी मारू लागलो. गाव मला शिट्टीकाका म्हणायला लागलं. पानठेलेवाला हसून म्हणायचा, "काका, बीपी वाढन तुमचं. ह्याईच्यात काई फरक पडत नाही." नाकावरच्या रागाला औषध काय, असं माझी बायको म्हणायची.

आता खाणीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खाणीत आतल्या रस्त्यावर उजवीकडून चालायचा नियम होता. दुसऱ्या खाणींचं मला माहीत नाही, आमच्याकडं होता. डंपरमध्ये चालकाची जागा डाव्या अंगाला असते. उजवीकडून चाललं की चालक रस्त्याच्या मधल्या बाजूला येतो आणि समोरच्या डंपरपासून किती जागा उरली ते त्याला नीट दिसतं. म्हणून खाणीच्या फाटकातून आत शिरलं की डंपर असो, पाण्याचा टँकर असो की साहेबांची जीप असो, सगळ्यांनी बाजू बदलायची. आत उजवी, बाहेर डावी. फाटकावर तसा मोठा फलक होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच मंत्र द्यायचे: मोठी गाडी समोर आली की विचार करायचा नाही, उजवीकडं दाबायचं. तो मंत्र मी एकतीस वर्षं पाळला, म्हणून मी हे लिहायला जिवंत आहे.

माझी बायको अंगणवाडी सेविका. तिची अंगणवाडी पाच-सहा किलोमीटरवरच्या खेड्यात. वीस वर्षं ती ऑटोची वाट बघत फाट्यावर उभी राहिली. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही आणि माणसं आल्याशिवाय भरत नाही, त्यामुळं अर्धं आयुष्य तिनं फाट्यावरच काढलं असं ती म्हणते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिनं जाहीर केलं, "मले स्कूटी पायजे." मी हसलो. ती हसली नाही. आठ दिवसांत स्कूटी दारात उभी राहिली.

शिकवायचं कुठं? गावातल्या रस्त्यावर ट्रक, बैल, शेळ्या आणि उलटे येणारे शहाणे. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. खाणीचा एक जुना भाग बंद पडला होता. तिथला रस्ता रुंद, रिकामा, दोन्ही कडांना मातीचा बांध. बाहेरच्या माणसाला तिथं मनाई होती. पण फाटकावरचा चौकीदार माझ्या ओळखीचा. दर रविवारी मी बायकोला मागं बसवून फाटकापर्यंत न्यायचो, आत गेल्यावर ती पुढं बसायची आणि मी मागं. पुढं शिट्टी घेऊन गावाला नियम शिकवणाऱ्या माणसानं हे केलं, हे मी लपवून ठेवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

त्या रस्त्यानं अधूनमधून एखादा डंपर यायचा. जुन्या भागातली माती उचलून नेत असत. डंपर दिसला की मी तिच्या कानाजवळ ओरडायचो, "उजवीकडं दाब! उजवीकडं!" ती घाबरून दाबायची. नाही दाबली तर मी मागून तिचा उजवा खांदा धरून ढकलायचो. तीन महिने, दर रविवारी. फाटकातून बाहेर पडताना मी न चुकता सांगायचो, "आता डावीकडं." ते मात्र सांगायचो हळू आवाजात, कारण तिथं घाईचं काही नसायचं.

ती छान शिकली. गावात डावीकडूनच चालवायची, वळताना हात दाखवायची, बोंडाला पूर्ण वळसा घालायची. तीन वर्षं तिनं रोज ये-जा केली. फाट्यावरच्या बायका तिला हात करायच्या आणि ती एकीला तरी मागं बसवून न्यायची. पानठेल्यावर मी लोकांना सांगायचो, "पाहा, आमच्या घरची बाई कशी चालवते. जरा शिका."

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी साडेनऊच्या सुमाराला पानठेलेवाल्याचा फोन आला. "काका, लवकर या. काकू पडल्या." मी कसा पोचलो ते आठवत नाही. पोचलो तेव्हा तिला तिथून हलवलं होतं. कोणाच्या तरी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. स्कूटी कोणीतरी पानठेल्याला टेकवून उभी केली होती, पुढचा मडगार्ड दुमडलेला. तिच्या शेजारी एक ऑटो, समोरची काच फुटलेली. चौकात वाहतूक चालू होती, जणू काही झालंच नव्हतं. खाणीत अपघात झाला की साहेब येऊन बघेपर्यंत एक दगडही हलवत नाहीत. इथं पाच मिनिटांत सगळं झाडून मोकळे.

ऑटोवाला दगडावर बसला होता. तिशीतला माणूस, राजूरचा. वणी-राजूर ऑटो चालवायचा, त्या दिवशी इकडचं भाडं घेऊन आला होता. कोपर फुटलेलं, त्यावर रुमाल धरलेला. मला बघून उठला आणि म्हणाला, "काका, मी बराबर येत होतो. माही चुकी नाही."

माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षांचे उलटे येणारे सगळे उभे राहिले. दूधवाला, गुरुजी, हेल्मेटवाला, सगळे. मी त्याच्या थोबाडीत मारली. भर चौकात, पानठेल्यावर वीसेक माणसं असताना. तो पडला नाही. गालाला हात लावून माझ्याकडं बघत राहिला. "बराबर येत होता म्हनते! चोराच्या उलट्या बोंबा!" असं मी ओरडलो. पानठेलेवाल्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडं वळून बघितलं तशी त्यानं मान खाली घालून चुना मळायला घेतला.

एक गोष्ट मी तेव्हा बघितली होती आणि बघितली नाही. फुटलेल्या काचेचा चुरा बोंडाच्या उजव्या अंगाला पडला होता. आमच्या घराकडून येणाऱ्या माणसाचं त्या अंगाला कामच नसतं. तो डावीकडूनच शिरतो. एकतीस वर्षं ज्यानं चाकांच्या खुणा वाचून कोण कुठून आलं ते सांगितलं, त्याला रस्त्यावरची काच वाचता येऊ नये? येत होती. पण रागाला पुरावा आधीच मिळालेला असतो, तो नवा शोधत नाही.

बायकोचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवली. ती आत असतानाच मी पोलीस चौकीत गेलो आणि जबाब दिला. ऑटो राँग साइडनं आला आणि त्यानं माझ्या बायकोला उडवलं. जमादारानं विचारलं, "तुमी पाह्यलं?" मी म्हणालो, "मले पाहाची गरज नाही. मी तिले चालवाले शिकवलं. ती कधी उलटी जाऊच शकत नाही." जमादारानं मी सांगितलं ते लिहून घेतलं. मी सही केली, तीही दोनदा रेघ ओढून. ऑटो चौकीच्या आवारात जमा झाला. कागदात काहीतरी कमी होतं म्हणून तो लवकर सुटेना. ऑटो गेल्यावर तो माणूस एका जिनिंग कारखान्यात कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली गाठोडी, उचलायच्या कामाला लागला असं कानावर आलं. मला समाधान वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं वाटलं. उलट्या येणाऱ्या हजारांतला एक तरी सापडला होता.

दोन महिने बायको खाटेवर होती. मी स्वयंपाक करायचो, तिला वॉकर धरून चालवायचो आणि जो कोणी भेटायला येईल त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायचो. प्रत्येक वेळी ऑटोचा वेग वाढत गेला. मी सांगायला लागलो की ती भिंतीकडं तोंड करायची नाहीतर पाणी मागायची. कधी म्हणायची, "जाऊ द्या ना आता." मी पाहुण्यांना म्हणायचो, "पाहा, किती मोठं मन आहे तिचं. पण मी सोडणार नाही." दुसऱ्या बाजूला मी ठरवून टाकलं होतं की ही स्कूटी दुरुस्त करून विकायची. बाईमाणसानं ह्या चौकात गाडी चालवायचे दिवस राहिले नाहीत, असं मी तिला रोज ऐकवत होतो. स्कूटीची किल्ली मी ढालीच्या मागं ठेवली होती.

तिला एकाच गोष्टीची काळजी लागलेली असायची. त्या दिवशी तिच्या पिशवीत अंगणवाडीतल्या पोरांच्या वजनाची वही होती. पिशवी सापडली, वही नव्हती. "कोन्या पोट्ट्याचं वजन कमी झालं, काई समजाले रस्ता नाही," असं ती सारखी म्हणायची. तिच्या जागी दुसरी सेविका बघत होती, तिनं नवी वही केली. पण हिच्या जिवाला ती जुनीच हवी होती.

एका दुपारी दाराची कडी वाजली. मी उघडलं तर तो ऑटोवाला. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, थेट कामावरून आलेला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

"काकूची वही हाये," तो म्हणाला. "त्या दिवशी रस्त्यावर पडली होती. मी सीटखाली ठेवली, अन् मंग गाडी चौकीत जमा झाली. आज जमादारानं सामान काढू देल्लं."

माणसानं एवढं ऐकल्यावर वही घ्यावी आणि आत बोलवावं. मी म्हणालो, "आता केस मांगं घ्या म्हनाले आला काय? वही दाखवून?"

"केसचं मी बोललो काय?"

"बोलू नको. तुझ्यासारख्याईनं या गावाची वाट लावली. साठ पावलं वाचवाले लोकाइचे हाडं मोडता. लाज नाही वाटत दारात याले?"

मी आणखीही बरंच बोललो. माझा आवाज शेजारच्या गल्लीत जात असणार. तेवढ्यात मागून वॉकरचा आवाज आला, खट, खट. तोवर ती एकटी कधी उठली नव्हती. घामानं चेहरा भिजलेला, एका हातानं दाराची चौकट धरलेली. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. त्याला म्हणाली, "आत ये बाबा. बस." मग माझ्याकडं वळली.

"त्याले कायले बोलता? मीच उलटी गेलती."

मला वाटलं औषधांमुळं बोलते आहे. मी म्हणालो, "तू बस आधी."

"नाही बसत. दोन महिने बसलीच होती. बोंडाजवळ पोचली, तं ट्रक वळसा घालून एकदम समोर आला. बराबरच येत होता बिचारा. पन एवढा मोठा, अन् अंगावरच आल्यासारखा. मले काई दिसलं नाही. फक्त तुमचा आवाज आला कानात. उजवीकडं दाब, उजवीकडं! मी दाबली. ट्रक निंघून गेला, त्याच्या मांगं हा होता."

ऑटोवाला खाली बघत होता. त्याला हे सगळं ठाऊक होतंच. तो समोरच होता.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"कोनाले सांगू? तुमी सांगू देल्लं काय कोनाले? मी शुद्धीवर आली तवा तुमी सही करून आलते. येनाऱ्या-जानाऱ्याले भाषण सुरू होतं." ती थांबली, श्वास घेतला. "अन् सांगतलं असतं तं चाबी भेटली असती मले? तशीही तुमी थे ढालीच्या मांगं लपवलीच."

ती रडली नाही. तिला राग आला होता. बत्तीस वर्षांच्या संसारात तिचा राग मी पहिल्यांदा बघत होतो, म्हणजे आला असेल अनेकदा, मी बघितला नव्हता. मी ऑटोवाल्याकडं वळून म्हणालो, "तू तरी सांगाचं होतं."

त्यानं मान वर केली. "त्या दिवशी सांगतलं ना काका. तुमी उत्तर देल्लं." त्यानं गालाला हात लावला नाही, पण मला त्याचा गाल दिसला. "मंग वाटलं, काकू उठल्या का सांगतीन."

ह्यावर तिनं डोळे मिटले. तिला त्याचं बोलणं लागलं असणार. मलाही लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन निघालो. आधी पानठेल्यावर गेलो. तीच माणसं, तोच चुना. मी सगळ्यांसमोर म्हणालो की चूक माझ्या बायकोची होती, आणि तिची नव्हती, तिला शिकवणाऱ्याची होती, आणि मी ह्या माणसावर विनाकारण हात उचलला. मला वाटलं होतं लोक दचकतील. कोणी दचकलं नाही. पानठेलेवाला शांतपणे म्हणाला, "आमाले माहीत होतं काका. सगळ्या चौकाले माहीत होतं."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमाले कोन बोलन बाप्पा? तुमी आयकता कोनाचं?"

मी त्या लोकांवर चिडलो. आजही चिडलेलो आहे. वीस माणसांनी एका गरिबाचा ऑटो दोन महिने गंजू दिला, कारण एका म्हाताऱ्याच्या आवाजाला ते भीत होते. असलं भित्रं गाव मी कुठं बघितलं नाही. पण ज्याला भीत होते तो म्हातारा मीच, त्यामुळं तो राग जायला जागा उरत नाही. मग तो रात्रंदिवस घरातच फिरतो.

ऑटोवाल्याला मी म्हणालो, "मले माफ कर बाबा."

तो म्हणाला, "माफीचं राहू द्या काका. आधी थो कागद बदला. गाडी गंजून राह्यली."

चौकीत जमादारानं कपाळाला हात लावला. पहिला जबाब, दुसरा जबाब, सगळं नव्यानं. मी त्याला म्हणालो, "लिहा, तिले उजवीकडं दाबाले मी शिकवलं. मनाई असलेल्या रस्त्यावर, चोरून नेऊन." जमादार म्हणाला, "काका, शिकवनाऱ्यावर कलम नसते." बायकोचा जबाब घरी येऊन घेतला. तिनं सगळं सांगितलं आणि वळसा कुठून चुकला ते कागदावर काढूनही दाखवलं. आणखी काही दिवसांनी ऑटो सुटला. मागचा टायर बसला होता आणि हुडावर कडुलिंबाच्या पानांचा थर होता. तो झटकायला मी पुढं झालो. त्यानं मला झटकू दिला नाही.

पितळेची ढाल मी भिंतीवरून काढली. बायको म्हणाली, "राहू द्या, भितीवर डाग दिसते." मग परत लावली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ टीव्हीच्या वर रोज दिसतो. किल्ली तिनं स्वतः घेतली.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा पावसाळा संपत आला होता. ती म्हणाली, "मांगं बसा. पन तोंड बंद." आम्ही शाळेच्या मैदानात आठवडाभर फिरलो. रोज ती मैदानाच्या मधोमध एक दगड ठेवायची, त्याला वळसे घालायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "डावीकडं. डावीकडं." मी मागं बसून गप्प. एवढं गप्प मी एकतीस वर्षांच्या नोकरीतही बसलो नव्हतो.

मागच्या सोमवारी ती पहिल्यांदा अंगणवाडीला निघाली. म्हणाली, चौकापर्यंत चला, पुढं मी जाईन. वही तिच्या पिशवीत होती. बोंड दिसायला लागलं. तिनं वेग कमी केला, डावीकडं घेतली, शिरली. तेवढ्यात समोरून, आम्ही शिरलो बोंडाच्या त्याच अंगानं, सरळ आमच्यावर एक ऑटो उलटा आला.

माझ्या तोंडात तो शब्द आला. उजवीकडं. तीन-चार वर्षं झाली खाण सोडून, हिचं हाड मोडलं, एका माणसाच्या पोटावर पाय पडला, आणि तरीही तोच शब्द आधी आला. हातही तिच्या उजव्या खांद्याकडं गेला होता. मी दात आवळले, हात मागं घेतला. ती डावीकडंच राहिली, अगदी कडेला, आणि थांबली. ऑटो आम्हाला घासून गेला. नवी काच, हुडावर कडुलिंबाचे डाग. तोच होता.

तोही जरा थांबला. आम्हाला ओळखलं होतं त्यानं. ज्या चौकात सगळे उलटे येत होते तिथं हा एक माणूस बरोबर आला होता, आणि त्याला मी मारलं होतं. मी बघत राहिलो. त्यानं मान बाहेर काढली नाही, आवाजही चढवला नाही. "इकडून जवळ पडते काका," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

शिट्टी माझ्या खिशात होती. पानठेल्यावरची सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

बायकोनं मागं वळून न बघता विचारलं, "ओरडा ना आता. काहून गप झाले?"

मी खाली उतरलो. तिनं बोंडाला पूर्ण वळसा घातला आणि ती आपल्या रस्त्याला लागली.